माझ्याच वेडाखाली माझीच निशाणी

प्रति,
मेहेरबान डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर साहेब,
जिल्हा ठाणे, यांचे हुजुरास.

अर्जदार : राघो बिन धर्मा, धंदा मिठागरात मजुरी, वय सुमारे चाळीस, राहणार मौजे कोनशेत, तालुका कल्याण.

विषय : मौजे कोनशेत येथील शाळा बंद न करण्याबाबत, व अर्जदार वेडा नसल्याबाबत.

संदर्भ : आमचे चावडीवर लागलेला हुकूम, तारीख २ फेब्रुवारी सन १८८९.

महोदय,

विनंती ऐसीजे की,

१. आमचे गावी दोन वर्षांमागे सरकारने शाळा घातली. त्र्यंबक मास्तर सकाळी मुलांस शिकवितात आणि दुपारी, मिठागरात ऊन सोसेनासे झाले म्हणजे, आम्हां थोरांस. दुपारच्या वर्गाचा त्यांस हुकूम नाही, तरी घेतात. मी त्यांजपाशी प्रथम बाळबोध अक्षर शिकलो व गेल्या दिवाळीपासून मोडी, जी कचेरीच्या कागदांत असते. हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. खाडाखोड दिसेल ती माझी, मास्तरांची नव्हे.

२. सदर हुकुमात असे होते की, गावकऱ्यांच्याच अर्जावरून येथील शाळा १ मार्चपासून बंद करण्यात येत आहे. माझी बायको सगुणा हिने तो प्रथम वाचला. पुरुषमंडळी म्हणाली, बाईमाणसाचे वाचन, चुकले असेल. तिने पुन्हा वाचला, तोच निघाला. ती एवढेच म्हणाली, "अक्षरं माझी नाय, सरकारची हान." मग जो तो पुढे होऊन वाचू लागला, आणि प्रत्येकाच्या वाचनात शाळा बंदच होत गेली.

३. असा अर्ज केल्याचे कोणास आठवेना. गेल्या उन्हाळ्यात तलाठी प्रभाकरपंत यांनी खाडीचा बांध दुरुस्त व्हावा म्हणून एक अर्ज लिहिला, मोठ्याने वाचून दाखविला व आम्हां एकतीस असामींच्या निशाण्या घेतल्या, तेवढा एकच. लिहिता न येणारा सहीच्या जागी निशाणी काढतो, हे हुजुरांस ठाऊक आहेच. माझी नांगराची. मला तेव्हा मोडी येत नसे, पण सही येत होती व तसे मी म्हटले. पंत म्हणाले, नांगर तुला शोभतो. मला बरे वाटले व मी नांगर काढला.

४. संशय येऊन मी ओहोटीच्या पाण्याबरोबर पडावात बसून ठाण्यास हुजुरांच्या कचेरीत गेलो व हुकुमात म्हटलेला मूळ अर्ज पाहावयास मागितला. कारकुनांनी विचारले, वाचता येते काय. मी म्हटले, येते, पण सावकाश. अर्ज दीड पानाचा. मी दहा वाजता बसलो. कारकून जेवून आले, पान खाऊन झाले, एक डुलकीही झाली, तरी मी पहिल्याच पानावर. तेव्हा त्यांनी स्वतः वाचून दाखविण्याची तयारी दर्शविली. मी हात जोडून नको म्हटले. दुसऱ्याने वाचून दाखविल्यामुळेच मला तेथवर यावे लागले होते.

५. त्या अर्जात बांध हा शब्द कोठेही नाही. जे आहे त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे.

एक, शाळा झाल्यापासून खाडीतील मासळी निघून गेली. गोमाजी कोळी यास विचारले. तो म्हणतो, चिखलातले निवटी मासे होते तितकेच आहेत व त्यांपैकी कोणीही शाळेत आलेला नाही.

दोन, मजूर पाटी घेऊन बसू लागल्याने मिठागरातील मीठ अळणी झाले. सरकारी मिठास हात लावणे गुन्हा असल्याने नमुना जोडलेला नाही. हुजुरांनी घरचेच चाखावे.

तीन, "राघो बिन धर्मा यास वाचनाने वेड लागले असून तो भर रस्त्यात दगडांशी बोलतो." यास माझे नम्र म्हणणे असे की, ते मैलाचे दगड होते. त्यांवर कल्याण किती मैल ते लिहिलेले असते व मला तेव्हा मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नसे. मला खरे दुःख याचे झाले की त्या वाक्याच्या खाली पहिलाच नांगर माझा होता, आणि तो फार सुबक आला होता.

६. गावी परतून मी पंतांकडे गेलो. भांडावयाचे ठरवून गेलो होतो. ते ओटीवर एकटेच बसले होते व त्यांनी काही नाकबूल केले नाही. म्हणाले, "राघो, पूर्वी मी वाचू लागलो की सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघायचा. आता सगळे कागदाकडे बघतात." भांडण बाजूस ठेवून मी त्यांस म्हटले की बांध अजून फुटलेलाच आहे व तुमचे अक्षर आमच्याहून चांगले. त्यांनी बांधाचा खरा अर्ज लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. एकतीस जणांनी तो सही करण्याआधी वाचला. त्यास दोन दिवस लागले. पंत दौत धरून बसून होते. त्यांनी एके ठिकाणी काना जास्त दिला होता, तो आमच्यातील भिवाजीने धरला. पंतांवर आमची फिर्याद नाही.

७. गोमाजी गलबतावरून बसऱ्यापर्यंत जाऊन आला आहे. तो सांगतो, तेथेही बाजारात एक जण कागद वाचतो व दहा जण त्याच्या तोंडाकडे बघतात. यावरून मला वाटते की जगात जेथे जेथे न वाचणारी माणसे आहेत, तेथे तेथे कोणाचा ना कोणाचा बांध फुटलेला असणार. तरी राणीसरकारच्या सर्व मुलखांत थोरांसाठी दुपारच्या शाळा घालाव्यात. जे मुलूख सरकारचे नाहीत, तेथे निदान पत्र पाठवावे. हे एका दिवसात होणार नाही, याची मला कल्पना आहे. सुरुवात कोनशेतपासून व्हावी.

८. आपले उत्तर चावडीवर माझी आई आवडाबाई वाचणार आहे, असे तिने स्वतःच जाहीर केले आहे. तिचे वय सत्तर. बाराखडी पुरी झाली असून जोडाक्षरे पुढील महिन्यात सुरू व्हावयाची आहेत. म्हणून हुजुरांनी मेहेरबानी करून शाळा चालू ठेवावी. ते जमणारच नसेल, तर नकार तरी जोडाक्षरांशिवाय लिहावा.

हुजुरांच्या उत्तराची वाट पाहणारा,
राघो बिन धर्मा
(सही, स्वहस्ते)

मौजे कोनशेत, तारीख १४ फेब्रुवारी सन १८८९.
सोबत : बांधाचा अर्ज, एक.