कपडे वेगळे धूत होतात का?

प्रिय आई,

तुम्ही जाऊन महिना झाला आणि मी लिहायला बसले ती टॅक्सच्या कामासाठी. रागावू नका. तुमच्याशिवाय हे कुणाला विचारणार?

समीरचा आणि माझा घटस्फोट आता कागदोपत्री झाला. इथे टॅक्स ज्याचा तो भरतो, पण मुलांसाठी सरकार जे पैसे देतं, ते आईबाप एकत्र राहतात की वेगळे यावर ठरतं. आम्ही वेगळे झालो ते हॉर्नबी भागातल्या त्याच घरात, दोन खोल्यांत. दुसऱ्या घराचं भाडं झेपणारं नव्हतं. त्या वर्षांचे फॉर्म मी एकटी म्हणून भरले. आता टॅक्स खात्यातून फोन आला, वेगळे होतात हे पटवून द्या, नाहीतर रेवासाठी मिळालेलं परत करा.

फोनवरची बाई चांगली होती. किया ओरा असा इथला नमस्कार केला आणि एकेक विचारत गेली. खोल्या वेगळ्या? हो. बँकेची खाती? हो. स्वयंपाक? आपापला. "कपडे वेगळे धूत होतात का?"

मी हो म्हणणार होते, तेवढ्यात तुम्ही आठवलात.

तुम्ही सहा महिन्यांसाठी आलात, तेव्हा आम्ही ठरवलं होतं, आईंना कळू द्यायचं नाही. तुमचं बीपी, मिरजेतलं तुमचं एकटं राहणं. समीर पुन्हा माझ्या खोलीत आला, खाली गादी टाकून. सकाळी गादी पलंगाखाली जायची. तुमच्या हातचं पिठलं वाढताना मी त्याला "अजून घे ना" म्हणायचे. काय काय नाटकं केली आम्ही.

कपड्यांच्या टोपल्या मात्र दोनच राहिल्या, एक बाथरूममध्ये, एक गॅरेजमध्ये. त्या लपवायचं डोक्यातच आलं नाही. दर शनिवारी तुम्ही गुडघा धरून गॅरेजात जायचात आणि दोन्ही टोपल्या एकाच मशीनमध्ये रिकाम्या करायचात. इथल्या थंडीत कपडे दिवसदिवस वाळायचे नाहीत, तरी तुम्ही त्याचा शर्ट माझ्या कुर्त्याशेजारी नीट झटकून वाळत घालायचात. एकदा मी म्हटलं, "आई, राहू द्या, मी करते."

"तू करतेस ते बघतेय की," म्हणालात आणि चिमटे मागितले.

तेव्हा नाही कळलं मला. त्या फोनवर कळलं. तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत? एकदा जरी विचारलं असतं, तरी मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. आपण दोघी सहा महिने एकमेकींना सांभाळत राहिलो आणि बोलायचं राहून गेलं. याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही गेल्याचं समीरनेच कळवलं. मी सुतकाचं विचारलं, तर म्हणाला, "तुला पाळायची गरज नाही आता. टेक्निकली." रेवा तिथेच होती. "बट शी वॉज युअर आई टू," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. मी सुतक फिटेपर्यंत देवापुढे दिवा लावला नाही.

त्या बाईला मी खरं ते सांगितलं. सासूबाई होत्या तेवढे महिने कपडे एकत्र, जेवणही एकत्र. ती म्हणाली, "मग तेवढे महिने तुम्ही नवऱ्याबरोबर राहत होतात, असं लिहू का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या आईबरोबर."

तसा रकाना त्यांच्याकडे नाही म्हणे. काय ठरतं ते कळवतील.

आई, पैसे परत मागितले तर फेडेन थोडे थोडे करून. पण ते सहा महिने मी समीरच्या नावावर लिहू देणार नाही. ते तुमचे होते. एवढा शब्द देते.

तुमची सून,
मृणाल