कपाचा कान

अण्णा, आज दुपारी मी एका कपाच्या फोटोची वाट लावली आणि तुमची आठवण आली. माझ्या लेखांची एक वेबसाइट आहे. तिच्या नावाशेजारी नखाएवढं चित्र लागतं, त्याला आयकॉन म्हणतात. मोबाइलवर काढलेला झकास फोटो इवल्या चौकोनांच्या त्या साच्यात घातला, कळ दाबली, आणि संगणकाने मला एक काळा ठिपका काढून दिला. कपाचा कानसुद्धा बुजून गेला. माझ्या लेखांना लोक डाग म्हणतातच. त्यांना आयता पुरावा कशाला द्यायचा?

ऐंशीच्या दशकातली ती ग्रामपंचायतीची निवडणूक. आपल्या वाडीला विहीर नव्हती. धरणाचं पाणी डोळ्यांना दिसायचं, हंड्यात यायचं नाही. विहिरीसाठी म्हणून आई उभी राहिली. तिला चिन्ह मिळालं कपबशी, आणि समोरच्या जुन्या सरपंचांना मडकं. वाडीतल्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. चिन्ह ओळखलं तरच मत. भिंती रंगवायचं काम तुमच्याकडे, म्हणजे शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांकडे.

तुम्ही मन लावून काम करता, हीच तर पंचाईत. लग्नात आलेला गुलाबांचा कप रुमालात गुंडाळून तुम्ही पौडच्या फोटो स्टुडिओत नेता. आईचा तसा फोटो कधी निघाला नव्हता. मग त्या फोटोवरून चित्र: गुलाब, वाफ, बशीची सावली, सगळं. आई चुलीपुढून म्हणते, "अवो, मला निवडून यायचंय. च्याची जाहिरात न्हाई करायची." तुम्ही तरीही मामाच्या मोडलेल्या पायाच्या एक्स-रेवर ते चित्र उतरवून ब्लेडने कापता, भिंतीवर धरून वरून गेरूचा बोळा फिरवता, आणि एक्स-रे बाजूला करता.

कापताना कपाच्या कानाच्या पोकळीतला तुकडाही गळून पडला होता. गुलाब, सावली, वाफ एकमेकांत मिसळले होते. भिंतीवर उमटला एक तांबडा गोळा.

शेजारची म्हातारी रिकामा हंडा घेऊन थांबली. "मास्तर, मडक्याला कान कवा फुटला?"

"मडकं नाही, कप आहे तो."

"आमाला मडकंच दिसतंय. मंग शिक्का बी मडक्यावरच पडंल न्हवं?"

तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायकोच्या विरोधकाचा प्रचार, तोही फुकट.

त्या संध्याकाळी तुम्ही पडवीत दुसरा एक्स-रे घेऊन बसलात. आधी वाफ गेली. मग सावली. गुलाबांपाशी ब्लेड थांबलं.

"हे काढलं तर राहिलं काय?" तुम्ही आईला विचारलंत.

"कप," ती म्हणाली.

गुलाब गेले. कानातला तुकडा गळू नये म्हणून तुम्ही दोन बारीक पट्ट्या ठेवल्यात. सकाळी नवा छाप मारून म्हातारीला हाक मारली. तिने मान तिरकी करून पाहिलं. "कपबशी हाय की. च्या कुटाय?"

मतदानाच्या दिवशी तीच म्हातारी मत देऊन शाळेतून बाहेर आली आणि आईच्या कानाशी लागली. कानाशी म्हणजे सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतक्या हळू. "घावला गं बया तुजा कप! कानात बोट घालूनच उचलला!"

आई निवडून आली. विहीर झाली. तिच्या कठड्यावर तुम्ही हौसेने गुलाब काढलेत, पाकळ्यांच्या सावल्यांसकट. कुणीही नावं ठेवली नाहीत. पाणी होतं ना.

आज मीही आयकॉनमधला एकेक चौकोन पुसत बसले. कानात दोनच पांढरे चौकोन ठेवले, आणि कप दिसायला लागला.

आई बरी आहे. कान थकलेत, जीभ नाही. हे पत्र तिला वाचून दाखवलं तर म्हणेल, "लई लिवलंस. निम्मं काढ." आणि खरं सांगू, अण्णा? कुठलं निम्मं, ते मला ठरवता येत नाहीये.