लाटण्याने ऐकलेलं इंजिन

अक्का,

सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून पोटची मुलगी असून मीही अक्काच म्हणत राहिले. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती एका मोटारसायकलमुळे. गाडी तुझ्या नातीची आहे. तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता एकतीस वर्षांची आहे. जळगावला नोकरी करते, केळीच्या बागांची पाहणी करत रावेरपर्यंत हिंडते आणि शनिवारी संध्याकाळी धुळ्याला घरी येते. तिच्या गाडीला क्रूझर म्हणतात. लांब, बुटकी, जड, रुंद हँडलची. पाय पुढे टाकून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. तिने ती जुनी घेतली. आणली त्या दिवशीच मी सांगून टाकलं की हिला गॅरेज दाखवायचं नाही, हिचं सगळं मी करीन. तुझे जावई पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे आता पोर्चमध्ये चपला काढायलाही परवानगी लागणार." लागतेच. रविवारी सकाळी पोर्चमध्ये जुनी चादर अंथरलेली असते, सुटे भाग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडलेले असतात आणि त्या चादरीवर कोणी पाय दिला तर मी ऐकवते.

लोक विचारतात, गणिताच्या बाईंना हे निवृत्तीनंतर कुठून सुचलं. सुचलेलं काही नाही. आबा गेले तेव्हा मी नववीत होते. पिठाची गिरणी विकून टाक, असं तुला सगळ्यांनी सांगितलं. तू तेराव्यानंतरच्या सोमवारी एकटीने पट्टा चढवलास आणि बटण दाबलंस. त्या खोलीचा आवाज अजून माझ्या छातीत आहे. मोटारीची घरघर, पट्ट्याचे सपकारे, वरून पडणाऱ्या ज्वारीचा सरसर आवाज आणि त्या सगळ्यात पदराने नाक बांधून उभी असलेली तू, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. नाक बांधायचीस. कानांना काही नसायचं. मध्येच स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन यायचीस, त्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचीस, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून घ्यायचीस. दळणाला आलेल्या बायका तुझ्या अगदी तोंडासमोर येऊन विचारायच्या, "काय म्हनस वं अक्का तुन्ही गिरणी?" तू म्हणायचीस, "सासूसारखी कुरकुर करी ऱ्हायनी. तेल मांगस." तेल घातलं की ती खरंच गप्प व्हायची. मला तेव्हा वाटायचं, हे तुझं मोठं कसब आहे, आणि थोडं असंही वाटायचं की बायकांसमोर तू भाव खातेस.

तू मला एकच नियम शिकवलास, पण तो शंभर वेळा. नट आवळला की चक्की पाव तास चालवायची, मग थांबवायची, गार होऊ द्यायची आणि पाना पुन्हा लावून बघायचा. "गरम व्हवावर लोखंड जागा बदलस. एकदाव आवळं म्हंजे काम झायं नही." एकदा सकाळी मी मोटारीच्या पायाचा नट आवळला आणि उशीर झाला म्हणून तशीच कॉलेजला पळाले, वर पानाही नकळत पुस्तकांच्या पिशवीत टाकून नेला. दुसरा तास सुटला तर तू गेटाजवळ निंबाखाली उभी. पिठाच्या भुवया, पिठाच्या चपला. मला बघितल्याबरोबर तू गिरणीत बोलतेस त्याच आवाजात ओरडलीस, "सतराचा पाना कोठे शे?" सगळं आवार वळून बघायला लागलं. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या. मी पाना काढून तुझ्या हातात दिला आणि त्यांच्याकडे बघत म्हटलं, "अक्का, हळू बोल, इथे गिरणी नाही." त्या हसल्या. त्या हसतायत हे बघून तूही हसलीस, पाना पदराखाली घेतलास आणि उन्हातून परत गेलीस. दळण थांबलेलं होतं ना.

लग्नात तू मला भांड्यांबरोबर पान्यांचा अख्खा संच दिलास, पिठाच्या पिशवीच्या कापडात गुंडाळून. धुळ्याला सासरी त्याची बरीच चेष्टा झाली. सासूबाई म्हणाल्या, "सून आणली का मिस्त्री?" पण आडावरची मोटार बंद पडली त्या उन्हाळ्यात चेष्टा थांबली. त्याच पान्यांनी मी आज या गाडीचं तेल बदलते, साखळी ताणते, ब्रेक जुळवते. दहा आणि बाराचा पाना तेवढा नवा घ्यावा लागला.

आता झालं ते सांगते. इंजिनाच्या डोक्यावर दोन झडपा असतात. झडप आणि तिला दाबणारी दांडी यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. फट एका स्क्रूने ठरवायची आणि तो स्क्रू हलू नये म्हणून वरून नट आवळायचा. फट वाढली की टकटक आवाज येतो, टॅपेटचा आवाज म्हणतात त्याला. तीन रविवारांपूर्वी इंजिन गार असताना मी पातळ पट्टी घालून दोन्ही फटी मापात आणल्या, नट आवळले, झाकण बसवलं, गाडी सुरू करून बघितली, हात धुतले. पुन्हा उघडून बघितलं नाही. आयुष्यभर मी पेपर एकदाच तपासले आणि वर्गातल्या मुलींना सांगितलं, माझ्या हातून गेलेलं पुन्हा बघावं लागत नाही. पुढच्या शनिवारी लेक आली आणि रविवारी निघताना म्हणाली, "आई, वरून टकटक येते आहे. ऐक ना." मी वाकून ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काही नाही ते. तुला सवय नाही, या गाड्या थोड्या वाजतातच." तिने हेल्मेट घातलं आणि गेली.

त्यानंतरच्या शनिवारी तिला यायला फार उशीर झाला. दोन तासांच्या रस्त्याला साडेतीन तास. मी फाटकातच विचारलं, "कुठे होतीस?" ती म्हणाली, "पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू आहे." मी तिला वेळ पाळण्यावर एक व्याख्यान दिलं. ती आत गेल्यावर तुझे जावई म्हणाले, "गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाच कळलं मला. पोतंभर चमचे वाजवत आल्यासारखी आली." मी त्यांच्याच शेजारी बसले होते. मला गाडी फाटकाशी उभी राहिल्यावर दिसली.

रविवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी गाडी सुरू केली. कान लावून उभी राहिले. इंजिन धडधडतंय एवढंच कळत होतं, तेही पायातून. मग मी आत गेले आणि ओट्यावरचं लाटणं घेऊन आले. तुझे जावई पेपर खाली ठेवून बघायला लागले. एक टोक झडपेच्या झाकणावर ठेवलं, दुसरं कानामागच्या हाडावर. अक्का, डोक्यात कोणी हातोडी मारावी तसा आवाज आला. टक, टक, टक, इतका स्वच्छ की मी लाटणं काढलं, परत लावलं, परत काढलं. काढलं की काही नाही. लावलं की सगळं. इंजिनाचा विचार मागेच राहिला होता. मला गिरणीत डोळे मिटून उभी असलेली तू दिसत होतीस, आणि तुझ्या तोंडासमोर येऊन बोलणाऱ्या सगळ्या बायका.

गाडी बंद केली. गार होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसले, चहा आला तो घेतला नाही. झाकण उघडलं तर एका झडपेचा नट बोटाने फिरत होता. आणखी पन्नास-शंभर किलोमीटर गेली असती तर तो निघून आत पडला असता, आणि चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं. हायवेवर, मागे ट्रक असताना. तो नट मी आवळलेला होता.

लेक केस पुसत बाहेर आली. मी नट तिच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "हे माझ्याकडून राहिलं. आणि तू सांगितलंस तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं. कमी येतं मला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

"मग तशी गाडी घेऊन गेलीस कशी? मी म्हटलं म्हणून?"

"तिसाच्या वर नेली नाही ना पण. आठवडाभर." मग नट मला परत देत, "गॅरेजला दाखवली असती तर तुला कळलंच असतं, आई."

मी तिला रागावले. वाईट रागावले, माझ्या भिडेपायी हायवेवर जीव धोक्यात घालायचा मूर्खपणा पुन्हा केलास तर गाडी विकून टाकीन म्हणाले. ती समोर उभी राहून ऐकत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं ही मुलगी मला स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. उठून येते, समोर उभी राहते, मी बघेपर्यंत थांबते, मग बोलते. आवाज एकदाही चढवत नाही. मला वाटत होतं, वयाबरोबर तिला वळण लागलं.

आता आमचं ठरलं आहे. पाना माझा, कान तिचे. नट आवळून तिने गाडी शहराबाहेर अवधान गावापर्यंत नेऊन आणली, रात्रभर गार होऊ दिली, सोमवारी पहाटे मी झाकण उघडून पुन्हा पाना लावला. नट पाव फेरा फिरला. तू म्हणायचीस तस्संच. मग ती ऐकून "ठीक आहे" म्हणाली आणि गेली. कानांच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली आहे. मी जाणार आहे.

हे सगळं तुला सांगण्याचा तसा उपयोग नाही, आणि हे कागद कुठे पोचवायचेही नाहीत. तरी एक गोष्ट राहते, ती लाटणं कानाला लावलं तेव्हापासून मला सोडत नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे तू कोणाला सांगितलं नाहीस, आणि मलाही ते आत्ता कळलं, असं इथवर लिहिताना मी भासवलं. ते खरं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मला माहीत होतं. म्हणून तर मी तुझ्या पाठीमागे उभी राहून बोलायचे. एका दुपारी तू पट्टा उतरवत होतीस, आणि मी तुझ्या पाठीला म्हटलं की एकदा इथून सुटले की या पिठात मी परत पाय ठेवणार नाही. तुला काही तरी जाणवलं असावं. तू वळलीस आणि विचारलंस, "काय म्हनली वं पोरी?" मी समोर आले आणि मोठ्याने म्हटलं, दळण किती राहिलंय ते विचारते आहे. तू एकेका डब्यावर हात ठेवत मोजलंस आणि मला सांगितलंस, सात.