आईचा दुसरा डोळा

प्रिय दादा,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, तेव्हा आता गुपचूप वाच. शुद्धलेखन बघत बसू नकोस.

आईला माझ्याकडे सोडलंस तेव्हा दारातूनच म्हणालास, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदम झकास झालंय, आता ती बाळ सांभाळेल, तू खुशाल कामाला जा. मी गेले. मागच्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत घरी आले तर छोटी जमिनीवर, ओठ निळे पडलेले, आणि आई हातभर अंतरावर बसून तिच्याकडे बघून हसतेय. शर्टाचं बटण घशात अडकलं होतं. पालथी घालून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा बाहेर पडलं. त्या दिवसापासून मी कामावर गेलेली नाही.

मी आईला वाट्टेल ते बोलले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जरा पुढे ये गं, तुझे ओठ दिसत नाहीत."

आपल्या घरात आई बहिरी आहे असं कधी कोणी म्हटलंच नाही. सगळे तिच्यासमोर येऊन, तोंडावर उजेड घेऊन बोलायचे. बाबांनी तर तिच्यासाठी मिशी ठेवली नाही. लग्न झाल्यावर मला कळलं, बाकीच्या घरांत माणसं पाठमोरी राहूनसुद्धा बोलतात. पण तुला तर कळत होतं ना?

मी तिला इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंच्या तोंडाला मास्क. आई सगळ्याला हो म्हणत सुटली. डोळा दुखतो का, हो. अजिबात दुखत नाही का, हो. शेवटी मी म्हटलं, मास्क खाली घ्या, तिला ऐकू येत नाही. बाई लिहायच्या थांबल्या. ऑपरेशनच्या आधी हे कोणी सांगितलं होतं का, म्हणाल्या. मी काय सांगणार, कप्पाळ?

या ऑपरेशनात माणूस जागाच असतो म्हणे. तोंडावर कापड टाकतात, डोळ्यापुरतं भोक. हलू नका, हलू नका, सांगत राहतात. आई म्हणते, कापडावर श्वास लागला, कोणीतरी काहीतरी बोलतंय असं वाटलं म्हणून वळले. वळली आणि डोळ्याच्या आतली पातळ पिशवी फाटली. मोतीबिंदूचा तुकडा मागे पडला, तो अजून तिथेच आहे. नवं भिंग बसवलेलंच नाही, बाईंनी तपासून सांगितलं. हे तुला त्याच दिवशी सांगितलेलं असणार. तू तिला सांगितलंस, सूज आहे, उतरेल. वहिनीच्या ओळखीतलं हॉस्पिटल, तिथे आपली आई बहिरी म्हणायची लाज वाटली. एवढंच ना? आणि ती बिचारी अजून मलाच बजावते, दादाला बोलू नकोस, मीच हलले.

काल बघते तर आई कपड्यांची पिशवी भरत बसलेली. रविवारी दादा न्यायला येतोय म्हणाली, दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतलीय, तिथेच. तो डोळा झाला की हाही सुधारेल असं तिला वाटतंय. दादा, त्या एका डोळ्यावर ती माझं बोलणं कसंबसं ओळखते. तोही गेला तर तिला हाक कशी मारायची ते सांग मला.

रविवारी येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही, शेजारीपाजारी काय बघायचं ते बघू देत. आधी तो तुकडा काढायचाय, इथेच. मी आत तिचा हात धरून बसणार, बाईंनी परवानगी दिलीय. हात दाबला की हलायचं नाही, एवढं आम्ही ठरवलंय. रोज करून बघतो. मला भीती एकच आहे. माझाच हात थरथरला तर तिला वाटेल मी काहीतरी सांगतेय. पण तुझ्या हातात देण्यापेक्षा ते बरं.

तुझीच, काय करणार,
धाकटी