तुडीलचा मेयर

१९ जून ५६, महाड

इब्राहिम मेयर झाला. कराचीच्या बाजूचं कुठलंसं शहर. मुंबईच्या उर्दू पेपरात फोटो आलाय; त्याच्या गावच्या, तुडीलच्या दोघांनी तो कोर्टात आणून माझ्या टेबलावर ठेवला. गळ्यात हार, डोक्यावर फरची उंच टोपी. हा उघड्या डोक्याने हिंडणारा प्राणी. शाळेत एका बाकावर, पुढे मुंबईला एका खोलीत, वकिलीही बरोबरच पास झालो. अठ्ठेचाळीसला गेला तो "सहा महिन्यांत येतो रे वसंता" म्हणून. तिथे गोदीतल्या आपल्या कोकणी मजुरांचे खटले फुकट चालवले, त्यांनीच निवडून दिला म्हणतात.

आनंद झाला, खोटं कशाला लिहू. सौ.ला शिरा करायला सांगितला.

२२ जून

तुडीलला हलीमाखालाकडे. होडीतून उतरताना घोट्यापर्यंत चिखल. आई इब्राहिमची, पण माझीही खाला, म्हणजे मावशीच; सुट्टीत माझा निम्मा मुक्काम तिच्याकडेच असायचा. मलाही तिनेच भरवलंय.

"मेयर म्हंजी काय रं बाला?"

म्हटलं, शहराचा मोठा माणूस. नळ, दिवे, गटारं, सगळं त्याच्या हाताखाली.

"गटारा? त्याला त गोठ्यात जायची पन किलस!" खूप हसली. मग हळूच, "मना कदी नेतो?"

२ जुलै

तालुक्याचे पुढारी भाऊसाहेब यांनी बाजारात खालाचा सत्कार केला. "आपल्या मातीतला मेयर!" शाल, नारळ, फोटो. इब्राहिम गेल्यावर त्याचे मालवाहतुकीचे दोन्ही मचवे याच माणसाने गिळले आणि आता त्याच्याच आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

११ नोव्हें. ५७

खालाचा पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. पदर कपाळाच्या वर घ्यायला तयारच होईना. शेवटी म्हणाली, "लेकाकडं जायला लेकाच्याच सरकारला तोंड दावायचा, त्यात कसली लाज."

इ. ला कळवलंय. तिथून त्याच्या शब्दाशिवाय व्हिसा नाही.

२० जाने. ५८

इ.चं उत्तर. "आत्ता नको. बाहेरून आलेल्यांकडे इथे वाकड्या नजरेने बघतात. खुर्ची जरा पक्की होऊ दे." पूर्वी मराठीत लिहायचा. हे इंग्रजीत, टाइप केलेलं. खालाला वाचून दाखवताना 'आत्ता नको'चं 'लवकरच' केलं.

३० ऑक्टो. ५८

तिकडे लष्कराने राज्य घेतलं. इ.ची खुर्ची गेली असणार. वाईट वाटलं, थोडा अभिमानही. असल्या राजवटीत आपला माणूस घरी बसलेलाच बरा.

मार्च ६०, तारीख बघायला हवी

दाऊद येऊन गेला. खालाचा भाचा, जहाजावर खलाशी. जहाज कराचीला लागतं तेव्हा इ.ला भेटतो. सांगत होता, "साहब अब जनरलच्या मानसांत उठतो-बसतो. नवा बंगला, दोन गाड्या." मी म्हटलं, ज्यांनी खुर्ची ओढली त्यांच्याच मांडवात? तर म्हणे, "वकीलसाब, तिथं मांडवच एक हाय."

शिसारी आली. मुंबईच्या खोलीत रात्र रात्र लोकशाहीवर माझं डोकं खाणारा हाच का तो?

१६ मे ६२

इ. तिकडच्या राष्ट्रीय सभेत निवडून आला. लोकांनी थेट नाही, ठरवून दिलेल्या मतदारांनी. कोर्टात मित्रमंडळी म्हणाली, पेढे द्या. दिले नाहीत.

९ जून

दाऊद भर दुपारी आला, पण दार लावून घ्या म्हणाला. घाम पुसत बसला. मग सगळं एकदम बोलला.

निवडणुकीत विरोधकाने उठवलं, की याची आई अजून हिंदुस्थानात आहे, हा अर्धा तिकडचाच. त्यावर इ. भर सभेत म्हणाला, माझी आई फाळणीच्या आधीच वारली, तिची कबर सोडून आलोय, माझं तिकडे कोणी नाही. बोलताना रडला. लोकही रडले. दुसऱ्या दिवशी घरी तिच्या नावाने फातिहा, मयताची प्रार्थना, पढला, दोनेकशे माणसं जेवली.

मी विचारलं, "तू काय केलंस?"

"काय करनार? बसवला पंगतीत. मी पन जेवलो."

"खाला तुझी सख्खी मावशी ना रे?"

"हाय. पन साहब समोरच बसलेला, माझ्याकडंच बघत होता."

दाऊद गेल्यावर दार उघडलं. सौ.ला सांगितलं. ती संध्याकाळी जेवली नाही.

१२ जून

तुडील. जायला नको होतं. भाकरी थापता थापता खालाने विचारलं, "दाऊद काय म्हनत होता? इब्राहिमला भेटला ना तो?"

"तुझी आठवण काढली म्हणे त्याने."

"एकल्यानं का चारचौघांत?"

"सभेत. सगळ्यांसमोर."

ती नुसती उजळली. मला तिथे बसवेना. भाकरी तशीच टाकून उठलो.

डिसें. ६३

खालाने पासपोर्टचं विचारणं सोडलंय. का, ते मीही विचारत नाही. गुडघे गेलेत. इ.चं पत्र नाही, पैसा नाही, काही नाही. मी लिहिणं बंद केलं.

१४ सप्टें. ६५

युद्ध. संध्याकाळी रेडिओची खुंटी फिरवताना अचानक इ.चा आवाज लागला. तोच, 'र'वर जरा अडखळणारा. घोटीव उर्दू. 'दुश्मन' हा शब्द किती सफाईने उच्चारतो! बंद केला.

बाजारात भाऊसाहेबांची सभा झाली. "आपल्या तालुक्यात शत्रूची आई बसली आहे." शाल कुणी घातली होती, हे विचारायला एकही उठला नाही. मी मागे उभा होतो. मीही नाही.

१७ सप्टें.

उद्या फौजदार तुडीलला जबाब घ्यायला जाणार. मी आजच गेलो. खालाला पढवलं. तिकडे कोण आहे विचारतील, तर सांग, कोणी नाही. मुलगा होता, वारला. खोलात कोणी जाणार नाही, मी शेजारी असेन.

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. "असा सांगू?"

"असंच सांग."

परत येताना होडीत बसल्यावर लक्षात आलं मी काय करून आलो ते. इब्राहिमला शिव्या देणारा मी.

१८ सप्टें.

फौजदार तरुण, बोलणं सभ्य. घोंगडीवर बसला. "आजी, पाकिस्तानात तुमचं कोण आहे?"

मी खालाकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माझा लेक हाय. इब्राहिम. तिथल्या मोठ्या सभेत बसतो. लिवा."

फौजदार लिहायचा थांबला. "वकीलसाहेब?"

मी म्हटलं, "ती सांगते ते लिहा."

अंगठा दिला.

४ ऑक्टो.

लढाई थांबली, पण कागद वर गेलेत. खालाला घेऊन अलिबागला हजर राहायचं आहे, उद्याच. काय विचारतील, घरी सोडतील की ठेवून घेतील, कोणी सांगत नाही. आज तिला आमच्याकडेच आणलं. सौ.ने गुडघ्यांना तेल चोळून दिलं.

जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "बाला, मी त्याचा नाव घेतला ना. तिथं त्याच्यावर काय बालंट त येनार नाय?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, सकाळच्या गाडीला गर्दी असते, लवकर निघू.