परग्रहावरच्या व्हिलनची पोर

आप्पा, तुमचा तो परग्रहावरचा व्हिलन दर आठवड्याला वेगळा का वागायचा, हे मला परवा कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षांत सोलापुरात टीव्ही होताच कुणाकडे? तुम्ही चादरींचे गठ्ठे घेऊन पुण्याला जायचात, तिथल्या व्यापाऱ्याच्या घरी मालिका बघायचात, आणि सोमवारी संध्याकाळी उपास सोडायला बसलो की भाकरी मोडत आम्हाला सांगायचात. घास तोंडात तसाच ठेवून मी ऐकायचे. व्हिलन यानातून उतरतो, पृथ्वीवरचं पाणी पळवतो. आधी म्हणे त्याला साऱ्या विश्वाचं राज्य हवं होतं. मग म्हणे त्याच्या ग्रहावर दुष्काळ. "आप्पा, मागल्या सोमवारी तर तो हावरट होता की!" मी भांडायचे. "माणूस हाय, बदलतोय की," म्हणून तुम्ही हसायचात. एका सोमवारी मात्र हसला नाहीत. व्हिलनची पोर तापानं फणफणलीय, पाणी तिच्यासाठीच हवंय, एवढं सांगून ताटावरून उठलात. आईचे, आमच्या अव्वाचे, डोळे भरले. "त्यो आसंल व्हिलन, पोरीनं काय केलंय?" दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन तिनं त्या पोरीसाठी पिंडीवर बेल वाहिला. टीव्हीतल्या पोरीसाठी! सगळी आळी हसली. तुम्ही तेवढं ते पान मागून घेतलंत आणि खिशात ठेवलंत. आमचे आप्पा किती हळवे, असं मला वाटलं. पुढं मालिका संपली म्हणालात.

परवा पुण्याहून एक बाई आली. माझ्याहून थोडी लहान, कपाळ थेट तुमचं. तिची आई वारली, जाताना आमचा पत्ता देऊन गेली. मी भलतंच विचारलं, "तुमच्याकडे टीव्ही होता का हो?" "छे! आप्पाच सोलापूरला कुणाकडे तरी बघायचे आणि येऊन आम्हाला मालिका सांगायचे." मग म्हणाली, "लहानपणी मला टायफॉइड झाला होता. तेव्हा त्यांनी सोलापूरहून बेलाचं पान आणून माझ्या उशाखाली ठेवलं होतं."

आप्पा, दुसरा संसार केलात, तो एक वेळ सोसला असता. पण तुमची एकेक सबब आमच्या ताटांपुढे मांडून पाहिलीत, कुठली पटतेय ते. आम्हाला दया आली, तर ती खिशात घालून तिकडे नेलीत. अव्वाला फसवलंत आणि वर तिच्या देवालाही त्यात ओढलंत. याचा मला भयंकर राग येतो.

अव्वा आता थकलीय, बरंच विसरते. बाई गेल्यावर तिनं विचारलं, "कोण आलं व्हतं गं?" पुण्याची ओळखीची, म्हणाले. पुणं ऐकल्यावर तिला आठवलंच. "त्या व्हिलनची पोर जगली का गं? ह्यांनी सांगितलंच न्हाय." जगली, म्हणाले. अव्वानं हात जोडले.

तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठे, मला माहीत नाही. पण एक सांगून टाकते. ती बाई निघाली, तेव्हा दारात मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही ना म्हणून.