लालासाहेबांचा पंचा

३ जून
जाहिरात आली! विद्यापीठाचा फिजिक्स विभाग, प्रयोगशाळा सहायक, कायम पद एक. म्हणजे माझंच. एम.एस्सी., शिवाय दोन वर्षं याच लॅबमध्ये हंगामी. ऑगस्टमध्ये अडतीस पूर्ण होतात, वयाची अट तिथंच संपते. पण शेवटची संधी वगैरे घाबरट लोक म्हणतात. उद्या पहाटे चारपासून अभ्यास.

४ जून
साडेआठला उठलो. मेहुण्यांचा फोन. त्यांच्या कुपवाडच्या कारखान्यात सुपरवायझर हवाय, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. बाणेदारपणे नाही म्हटलं. बायको दिवसभर बोलली नाही. अभ्यासाला शांतता मिळाली. केला नाही.

९ जून, दुपारी ४
खिडकीजवळच्या स्टुलावर पुन्हा तो पंचा. लालासाहेबांचा. माझ्याआधी ते इथं कायम होते, नोकरीत असतानाच गेले. पंचा सकाळी मीच घडी करून कपाटात ठेवला होता.

१० जून
शिपाई जोतीरामला झापलं. त्यानं आईची शपथ घेतली. म्हणाला, लालासाहेबांचा जीव ह्या लॅबमधी आन् लेकीमधी, पोरगी लय हुशार हाय, यंदा बी.एस्सी. झाली. मला काय त्याचं? मी विज्ञानाचा माणूस. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात.

११ जून, ४.०५
किल्ली खिशात. पंचा स्टुलावर. ओलसर, आत्ताच कुणी हात पुसल्यासारखा. भीती वाटली. नाही, दमट हवा आहे. अक्षर पेनामुळे वाकडं येतंय.

१८ जून
उलगडलं! एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो. लालासाहेब माझ्यासाठी सीट धरतायत! दुसरं आहेच कोण? चारला त्यांच्यापुढं कपभर चहा ठेवला. स्टुलावर टेकायला गेलो, तर मानेवर कुणीतरी गार श्वास सोडला. ताडकन उठलो. ऑर्डर हातात नसताना बसणं शोभत नाही.

३० जून
मेहुण्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यांचंच नुकसान. अभ्यास सोमवारपासून. खरं तर गरज नाही, वरून वशिला आहे.

१४ जुलै
नोटीस बोर्डावर कागद. पद अनुकंपा तत्त्वावर भरणार, जाहिरात रद्द. टायपिंगची चूक असणार. उद्या ऑफिसात जाऊन दुरुस्त करून घेतो.

१५ जुलै, ४.३०
चूक नव्हती. शिवांजली रुजू झाली. लालासाहेबांची मुलगी. सरांनी मला काम समजावून द्यायला सांगितलं. दिलं.
स्टुलावर पंचा होताच. तिनं उचलून डोळ्यांना लावला.
"पप्पांचा हाय. तुमी जपून ठेवलात व्हय?"
मी हो म्हणालो. ती स्टुलावर बसली. तिला काहीच झालं नाही.

३१ जुलै, ४
हंगामी मुदत संपली. घरी अजून सांगितलेलं नाही.
पंधरवडा झाला, पंचा कपाटातच आहे, तिनं घातलेल्या घडीत. कुलूप नाही. आजही चारला चहा ठेवला आणि वाट पाहिली. साय धरली.
शेवटी म्हटलं, लालासाहेब, येतो मी.
शिवांजलीनं वर पाहिलं. बाकी लॅबमध्ये कुणी नव्हतं.